झाडाची आरास आतून बाहेर

टोरांटोजवळ राहणाऱ्या एका मुलीचं पत्र आलंय. माहेर आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरातलं. सात फुटी ख्रिसमस ट्री घेतलंय, प्लास्टिकचं. मागच्या वर्षी दिव्यांच्या माळा गोल गोल गुंडाळल्या, तर झाड पट्ट्या बांधलेल्या पेशंटसारखं दिसलं आणि पोटात सगळा काळोख. यंदा डिसेंबरात सासूबाई इंदूरहून येतायत. त्यांनी फोनवर विचारलंय, "महाराणी रोडवरून माळा घेऊन येऊ का? तिकडे महाग असतील." मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जरा चोरट्या आवाजात: "मावशी, आपल्या घरात हे झाड लावावं का? आणि देवघर आहे त्याच खोलीत चालेल का?"

शेवटचं आधी उरकते. लाव गं. पंचवीस डिसेंबरला इंदूरचे किती मराठी लोक पोरांना घेऊन व्हाइट चर्चची रोषणाई बघायला जातात! कुणाच्या कुलदेवतेनं हरकत घेतलेली मी तरी ऐकली नाही. तुझा मुलगा शाळेत रोज ते झाड बघतो, त्याला घरी हवंसं वाटणारच. मात्र देवघराच्या शेजारी नको, आणि त्याचं कारण सोवळ्यातलं नाही. सासूबाई सांजवात लावणार, निरांजन ओवाळणार, उदबत्ती खोचणार. प्लास्टिकच्या झाडापासून जळती वात लांबच बरी. खोली एकच असेल तर झाड समोरच्या कोपऱ्यात ठेव आणि हीटरपासून किमान तीन फूट अंतर सोड.

आता माळा. सासूबाईंना प्रेमानं "नको" म्हण. सांग की मावशीनं स्वतः हात पोळून घेतलेत. मुलाकडे अमेरिकेत गेले होते तेव्हा जानेवारीच्या सेलमध्ये स्वस्तात मिळाल्या म्हणून पिवळसर दिव्यांच्या चार माळा बॅगेत कोंबून आणल्या. दिवाळीत बाल्कनीत लावल्या, पिनेला अडॅप्टर जोडला, बटण दाबलं. क्षणभर असा लख्ख उजेड पडला की समोरच्या वहिनी "वा!" म्हणाल्या, आणि त्यांचा "वा" संपायच्या आत माळ गेली. आपल्याकडे वीज 230 व्होल्टची, अमेरिकेत आणि कॅनडात 120 व्होल्टची. त्या माळेत अडीच-अडीच व्होल्टचे पन्नास बल्ब एकामागे एक जोडलेले असतात, म्हणजे हिशेब बरोबर सव्वाशेच्या आसपास. त्यांच्यावर दुप्पट दाब आला की खेळ खलास. उलट दिशेला, इंदूरची माळ तुझ्याकडे मिणमिण करेल किंवा पेटणारच नाही. पिनेचा अडॅप्टर फक्त भोकं जुळवतो, व्होल्ट बदलत नाही.

इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या वाचकांनी लगेच खुश होऊ नये. तुमच्याकडे व्होल्ट जुळतात, माळ पेटेलही, पण तिची वायर आणि जोड तिथल्या सुरक्षेच्या नियमात बसतील याची खात्री नाही. रात्रभर झाडात गुंतून राहणारी वस्तू तिथल्याच दुकानातून, तिथला शिक्का बघून घ्यावी. कॅनडात सीएसए किंवा यूएल या तपासणी संस्थांचा शिक्का असतो (यूएलच्या शिक्क्याबरोबर कॅनडासाठीचा छोटा 'C' हवा), तो डब्यावर आणि माळेच्या चिठ्ठीवर, दोन्हीकडे बघ. चिठ्ठी कापून टाकू नकोस. किती माळा एकीला एक जोडायच्या, ते तिच्यावरच लिहिलेलं असतं. जुन्या तारेच्या बल्बच्या माळा साधारण तीनच्या वर जोडत नाहीत, एलईडीच्या बऱ्याच जास्त जोडता येतात.

घ्यायच्या त्या एलईडीच. शंभर बल्बची जुनी माळ चाळीसेक वॅट खाते, एलईडीची पाच-सात. विजेच्या बिलापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की एलईडीचे बल्ब जवळजवळ थंड असतात. डब्यावर 'वॉर्म व्हाइट' किंवा 2700 केल्विन बघून घे. 'कूल व्हाइट' निळसर असतो, त्यात झाड दवाखान्यात ठेवल्यासारखं दिसतं. लुकलुकणारे रंगीत हवेत असा मुलाचा हट्ट असेलच. त्याच्यासाठी एक छोटी माळ खिडकीला लाव. तिथे त्याचं राज्य.

आता खरी गोष्ट, माळ लावायची कशी. तुझ्या आईनं चैत्रगौरीची आरास मांडलेली आठवते? पायऱ्या, त्यांवर जरीची साडी, मग समया, मग फळं-खेळणी, आणि सगळ्यात शेवटी फुलं. गौर मांडून झाल्यावर मागे समई ठेवायला गेलं की काहीतरी पडतंच. झाडाचंही तेच. उजेड आधी, सामान नंतर. आणि इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे गिरण्यांचे रोषणाईचे चित्ररथ, तर तू रात्र रात्र जागून पाहिल्या असशील. त्यांत बल्ब आपल्याला कुठे दिसतो? राक्षसाच्या पाठीमागून, ढगाच्या आडून उजेड येतो.

पूर्वी झाडावर मेणबत्त्या असत. त्या फांदीच्या टोकावरच लावाव्या लागत, कारण ज्योतीवर दुसरी फांदी आली की पेट घ्यायची. 1882 मध्ये न्यूयॉर्कला एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरच्या झाडावर लाल, पांढरे, निळे असे ऐंशी विजेचे बल्ब लावले. झाड गरगर फिरतही होतं म्हणे. बल्ब आला तशी ती टोकाची सक्ती गेली. पण आपण अजून मेणबत्त्या असल्यासारखे सगळे दिवे बाहेरच्या बाजूला लावतो, म्हणून तुझ्या झाडाचं पोट काळं राहिलं.

तर असं कर. आधी फांद्या फुलव. डब्यातून काढलेलं झाड मिटलेल्या छत्रीसारखं असतं, एकेक काडी वर, खाली, बाजूला वाकवायची. याला तासभर लागतो आणि तो वाचवू नये. मग माळा जमिनीवर पसरून पेटवून बघ. हे सगळे करतात असं सगळे म्हणतात. प्लगकडून सुरुवात कर, म्हणजे खालून. माळ बुंध्याजवळ ने, तिथून एका फांदीवरून टोकापर्यंत, टोकाला एक हलका वळसा, आणि त्याच फांदीवरून परत बुंध्याकडे. मग शेजारची फांदी. दिवे चालू ठेवूनच लावायचे. मध्ये मध्ये खोलीतला दिवा बंद करून चार पावलं मागे जा आणि डोळे किलकिले करून बघ. जिथे भोक दिसेल तिथे एक वळसा सरकव. भिंतीकडची बाजू अर्धी सोडलीस तरी चालेल, मी सोडते.

किती बल्ब? तिकडे फुटाला शंभर असा सरधोपट हिशेब सांगतात, म्हणजे तुझ्या झाडाला सातशे. माझ्या मते अशा पद्धतीनं आतून लावलेस तर पाचशेत भागेल. पण एक माळ जास्तीची घरात असू दे. चोवीस तारखेच्या संध्याकाळी दुकानात तशीच माळ मिळत नाही.

सजावटीला मात्र सासूबाईंना मोकळं सोड. त्यांची बॅग माळांनी भरणार नाही, तर यांनी भरू दे: पितळेच्या लहान घंट्या, क्रोशाची गोल रुमालं, पतंगी कागदाचे वीतभर आकाशकंदील, बाघ प्रिंटचं, म्हणजे ठशांनी छापलेलं, एक मीटर कापड. बाघचा तो लाल-काळा कपडा झाडाच्या बुडाशी गुंडाळलास की लोखंडी स्टँड झाकला जातो आणि ती दुकानातली मखमली झालर घ्यावी लागत नाही. जुनी माहेश्वरी साडी फाटली असेल तर तिची किनार पट्टी म्हणून फांद्यांमधून सोड. रंग दोन धर आणि एक धातू. लाल, हिरवट निळा आणि पितळ, एवढं पुरे. तिसरा रंग शिरला की चौथा मागोमाग येतो.

मोठे चेंडू टोकाला टांगायचे नाहीत. ते बुंध्याजवळ, आत. त्यांच्या चकचकीत पोटात दिवे उमटतात आणि झाडाला खोली येते. वजनदार घंट्याही आत, तिथे फांदी वाकत नाही. टोकावर हलकं काही, कागदी, लोकरीचं. तारेच्या आकड्यांऐवजी रिळाचा दोरा वापर. दीड वर्षाची मुलगी हाताला लागेल ते तोंडात घालणार, तेव्हा तिच्या उंचीच्या दीडपटीपर्यंत काच नाही, आकडे नाहीत, बटणएवढी वस्तू नाही. तो खालचा भाग क्रोशाला दे. झाडाचं टोक दोरीनं भिंतीतल्या खुंटीला बांध. ओढणार ती, ओढणारच.

ज्यांनी खरं झाड आणलंय त्यांच्यासाठी: घरी आणल्यावर बुंध्याची इंचभर चकती कापून लगेच पाण्यात उभं करा. जुना काप चिकानं बंद झालेला असतो, झाड पाणी पीत नाही. पहिल्या दिवशी तीन-चार लिटरही ओढून घेतं. पाणी कापाच्या खाली जाऊ देऊ नका. वाळलेलं झाड किती झपाट्यानं पेटतं ते मी इथे वर्णन करत नाही, पण झोपताना आणि घराबाहेर पडताना दिवे बंद. प्लास्टिकवाल्यांनीही.

उतरवताना माळ चुरगाळून पिशवीत टाकू नकोस. सासऱ्यांकडे जुनी पतंगाची चकरी असेल तर ती मागवून घे, तिच्यावर गुंडाळ. नाहीतर पुठ्ठ्याचा तुकडा.

बरेच लोक सहा जानेवारीपर्यंत झाड उतरवतात. तुझं प्लास्टिकचं आहे, तर संक्रांतीपर्यंत खुशाल ठेव आणि धाकटीचं बोरनहाण त्याच्यासमोर कर, फोटो फार छान येतील. हलव्याचे दागिने झाडाला टांगायचा मोह मात्र आवर. मागच्या वर्षी एकीनं टांगले होते, तिच्या कुत्र्यानं रात्रीतून अख्खा मुकुट खाल्ला.