गरोदरपणात पतसंस्था बिनपगारी रजा घ्या म्हणते. सरकारकडून आम्हा दोघांना काय मिळेल?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुम्ही पतसंस्थेत नोकरीला आहात आणि मिस्टर सेंट्रिंगच्या कामावर. तुमचा मॅनेजर जे बोलला, "सरकार देतं ना पाच हजार, मग संस्थेकडून कशाला?", तेच वाक्य मी आमच्या ओसरीवर ऐकलंय. म्हणून लिहायला बसले. बाकीच्यांनी मातृवंदनाच्या, म्हणजे सरकारच्या त्या पाच हजारांच्या योजनेच्या, अर्जाचं सगळं सांगितलंच आहे, ते परत लिहीत नाही.

आधी मॅनेजरचं. त्याने गोष्ट उलटी धरलीय. ज्या बाईला कायद्याने पगारी प्रसूती रजा मिळते, ती मातृवंदनात बसतच नाही, योजनेच्या नियमातच तसं आहे. ते ५,००० जिला पगार देणारा कोणी नाही तिच्यासाठी आहेत. शेतात निंदणाला जाणारी, घरी शिवणकाम करणारी, तिच्यासाठी. तुम्हाला पगार देणारा आहे. ८० दिवस काम भरलं असेल आणि संस्थेत १० माणसं असतील तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा, त्यातले ८ आठवडे तारखेच्या आधी घेता येतात. २०१७ पर्यंत हे १२ आठवडे होतं. पैसे संस्थेने द्यायचे, सरकारने नाही. हे न मागता पाच हजारांचा अर्ज भरून गप्प बसणं म्हणजे संस्थेचे पैसे वाचवणं.

आता माझं ऐका.

मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, वजनकाट्यावर होते. यवतमाळ जिल्हा, तालुका सांगत नाही, शेठ अजून तिथेच आहे. दसरा झाला की गेटबाहेर ट्रॅक्टर आणि छोटे हत्ती लागायचे. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, पावती फाडायची, सही करायची, पुढचा. डिसेंबर-जानेवारीत रात्री जेवणवेळ टळून जायची तरी काटा चालू. पगार महिन्याचे ७,०००, व्हाउचरवर. एप्रिलपर्यंत काम, मग घरी, परत दसऱ्याला बोलावणं. अशी काही वर्षं काढली.

जानेवारीत मला सातवा लागला होता. दिवाणजींना सांगितलं तर ते शेठकडे बोट दाखवून मोकळे. शेठ हसला. म्हणे, "मार्चअखेर सीझन संपते, तू घरीच राहणार. घरी बसणाऱ्या बाईले कशाची रजा?" वरून म्हणे, आपल्याला ईएसआयसीच, म्हणजे कामगार विमा महामंडळाची योजनाच, लागू नाही, विचार कोणालाही.

त्यातलं अर्धं खरं होतं. कापसाचं जिनिंग-प्रेसिंग हंगामी कारखान्यात धरलंय आणि हंगामी कारखान्यांना ईएसआयसीच्या कायद्यातून बाहेर ठेवलंय. पण बुटीबोरीला कंपनीत असलेल्या माझ्या मावसबहिणीने दुसरं अर्धं सांगितलं. ईएसआयसी असेल तर पैसे महामंडळ देतं. नसेल तर मालकाने स्वतः द्यायचे. कारखाना हंगामी आहे म्हणून प्रसूतीच्या कायद्यातून सुटका नाही. मागच्या १२ महिन्यांत ८० दिवस भरले की झालं, आणि आमच्याकडे दसरा ते संक्रांत एवढ्यातच ते भरतात.

मी अर्ज लिहून दिला. शेठने घेतला नाही. दुसऱ्या दिवशी दिवाणजींच्या हातून निरोप, "दहा हजार घे आणि चूप राह्य." तेव्हा मला समजलं की हिशेब त्यालाही माहीत आहे. ७,००० पगार, २६ आठवडे, ४२,००० च्या वर जातं. मालकाने तपासणीची, औषधाची सोय फुकट केली नसेल तर त्यावर आणखी ३,५०० वैद्यकीय बोनस. दहा हजार कोणी दयेने देत नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी कामगार अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, तुम्ही तिथे कामाला होता याचा पुरावा काय? हजेरीपत्रक शेठच्या कपाटात. व्हाउचरही त्याच्याकडे. नेमणुकीचं पत्र जिनिंगमध्ये कोणाला मिळतं?

बाहेर चहाच्या टपरीवर नवऱ्याच्या डोक्यात आलं. काट्याच्या पावत्या! प्रत्येक पावतीवर तारीख आणि खाली माझी सही. शेठकडे कार्बन कॉपी होती, पण वरची प्रत तर शेतकऱ्याच्या घरात. आणि कास्तकार पावती फेकत नाही. कोणी बँकेच्या पासबुकात ठेवलेली, कोणी सातबाऱ्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत, एका आजींनी तर देव्हाऱ्यामागून काढून दिली. नवरा गाडी घेऊन गावोगाव फिरला, झेरॉक्स काढून मूळ पावत्या परत नेऊन दिल्या. जवळपास सगळ्यांनी दिल्या. "ने बाप्पा, तुह्या बायकोचीच सही हाय त्याच्यावर."

दिल्या नाहीत त्या आमच्याच घरात. माझे भासरे, म्हणजे मोठे दीर. गावात आमच्या घराण्यात त्यांची शेती मोठी, म्हणजे पावत्याही त्यांच्याकडेच जास्त. त्यांनी शेठकडून पेरणीच्या वेळी उचल घेतलेली. आमच्याकडे भासरे धाकट्या भावाच्या बायकोशी सरळ बोलत नाहीत, मी स्वयंपाकघरात, ते ओसरीवर, आणि बोलणं नवऱ्याशी. "तिले सांग, सरकारचे पाच हजार भेटते ना, तो फारम भर. शेठले काहून तरास देता? पुढच्या वर्षी त्याच्याच काट्यावर कापूस नेतो मी, त्यानं ओल काढली मंग?"

ओल काढणं म्हणजे कापूस ओला आहे म्हणून कपात करणं, कापूस विकणाऱ्यांना सांगायला नको. क्विंटलमागे किती कापायचं ते शेठच्या तोंडात असतं. त्यामुळे भीती खोटी नव्हती, ते मी मान्य करते. पण त्यांच्या कापसातल्या ओलीसाठी माझा सहा महिन्यांचा पगार का सोडायचा, याचं उत्तर ना तेव्हा कोणी दिलं ना आज देतं. त्यांच्या पावत्या पेटीतच राहिल्या.

बाकीच्यांच्या पावत्यांनी काम झालं. कार्यालयाने शेठला बोलावलं. आधी म्हणाला बाई आमची नाहीच. पावत्या टेबलावर ठेवल्यावर म्हणाला बाई आमची आहे, पण सीझनची. अधिकाऱ्यांनी हजेरीपत्रक घेऊन या म्हटलं, ते त्याला आणायचं नव्हतं, कारण त्या हजेरीपत्रकात माझ्याशिवाय बऱ्याच रेजांचं, म्हणजे मजूर बायकांचं, काही नव्हतंच. चेक मिळाला, बाळ पोटावर पालथं पडायला लागलं होतं तेव्हा. नियम असा की आधीच्या आठवड्यांचे पैसे आगाऊ आणि बाकीचे बाळंतपणाचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. कागदावर तसं आहे. पुढच्या दसऱ्याला मला बोलावणं आलं नाही, तेही सांगून ठेवते. आता एका कृषी केंद्रात हिशेब लिहिते.

त्या रेजांचंही लिहिते, कारण त्यांचं कोणी विचारत नाही. कापसातला कचरा वेचणाऱ्या बायका, ठेकेदाराच्या म्हणवल्या जातात. कायद्यात बाई थेट कामावर असो की ठेकेदारामार्फत, दोन्ही धरलंय. आणि रोजंदारीवरच्या बायकांनाही प्रसूतीचा लाभ द्यायचा हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात सांगितलंय. २०२३ मध्ये आणखी एक निकाल आला, कंत्राटाची मुदत मधेच संपली तरी लाभ थांबत नाही असा. हा निकाल माझ्या वेळी हाती असता तर शेठच्या "सीझन संपते"चं तोंड तिथेच बंद केलं असतं.

तुमच्याकडे येते. "कितव्या महिन्यात सांगावं" असं विचारलंय. आता सांगा, पण तोंडी नाही. अर्जात प्रसूतीची संभाव्य तारीख, कोणत्या तारखेपासून रजा, आणि पैसे कोणाच्या नावे द्यायचे हे लिहायचं, सोबत डॉक्टरचा दाखला. रजेवर असताना काढून टाकणं बेकायदेशीर आहे, गरोदर म्हणून काढणंही. आणि आत्तापासून स्वतःच्या सहीचे कागद जमवा. पतसंस्थेत तुमच्या सहीशिवाय काय हलतं? पगार बँकेत येत असेल तर पासबुकच पुरे.

तुमच्या मिस्टरांचं बघा, ते कोणीच लिहिलं नाही. खाजगीत बापाला कायद्याने एक दिवसाचीही रजा नाही, ते सोडा. पण सेंट्रिंगवाला म्हणजे बांधकाम कामगार. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी असेल तर बायकोच्या नैसर्गिक बाळंतपणाला १५,००० आणि सिझेरियनला २०,०००, दोन अपत्यांपर्यंत. नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, ठेकेदाराचा किंवा ग्रामसेवकाचा. नोंदणी फी १ रुपया आहे हो, १ रुपया! तालुक्याला दीड-दोन हजार घेणारे बसलेत आणि लोक देतात.

बाळंतपण सरकारी दवाखान्यात करणार असाल तर सिझेरियनसकट, औषध, रक्त, जेवण, सगळं फुकट, घरून न्यायला आणि परत सोडायला गाडी पण. १०२ लावा. बाहेरून औषध आणायला सांगितलं तर कशासाठी ते विचारा. दारिद्र्यरेषेचं कार्ड किंवा अनुसूचित जाती-जमातीचं घर असेल तर जननी सुरक्षाचे ७०० आहेत, खेड्यात. तुमचा तालुका सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात असेल तर अशाच घरांना बुडीत मजुरीचे ४,००० असतात, दोन हप्त्यांत, त्याबद्दल आशाताईंनाच विचारा. त्यांच्यावर चिडू नका, खात्यात पैसे न येणं बहुतेक वेळा आधार बँकेला न जोडल्यामुळे असतं.

पहिलं बाळंतपण माहेरी करणार का? मग माता बाल संरक्षण कार्ड सोबत न्या. सासरी नोंद आणि माहेरी बाळंतपण यात कागद हरवतात आणि मग दोन्हीकडच्या आशाताई एकमेकींकडे पाठवतात.

घरातलं कोणी म्हणेल, संचालक ओळखीचे आहेत, गावातले आहेत, कर्ज त्यांच्याकडूनच घ्यायचंय, जाऊ द्या. म्हणणाऱ्याला विचारा, त्याचे स्वतःचे सहा महिन्यांचे पैसे कोणी ओळखीत सोडायला सांगितले तर सोडेल का. आमच्या भासऱ्यांनी त्याच वर्षी सोयाबीनच्या विम्यासाठी तहसीलला चकरा मारल्या, तिथे मात्र हक्क होता. मला वाईट वाटलं ते पावत्यांचं नाही. माझ्या पैशाला त्यांनी मागणं म्हटलं आणि स्वतःच्या पैशाला हक्क, त्याचं वाटलं. अजूनही सणावाराला ओसरीवर विषय निघाला की ते "शेठ भला माणूस, दिले ना त्यानं" म्हणतात. दिले नाहीत, घेतले. आता मी स्वयंपाकघरातून नाही, दारात उभी राहून सांगते.

काही गोष्टी राहिल्या. १० माणसांचा आकडा बारकाईने बघा. तुम्ही पिग्मी एजंट धरून १२ लिहिलेत. एजंट कमिशनवर आहेत, कर्मचारी नाहीत, असा घोळ संस्था नक्की घालेल, तेव्हा त्यांना सोडून १० भरतात का ते आधी मोजा. शिपाई, झाडणारी बाई, दुसऱ्या शाखेतला कॅशियर, सगळे मोजायचे. खरंच १० पेक्षा कमी निघाले तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि मातृवंदनाचाच अर्ज भरा, पहिल्याला ५,००० दोन हप्त्यांत, दुसरी मुलगी झाली तर तेव्हा ६,०००. त्यात नवऱ्याच्या आधारची सक्ती आता नाही. पगारातून ईएसआयसी कापत असतील तर संस्थेशी भांडू नका, अर्ज महामंडळाकडे जातो. आणि कोणी म्हणालं १९६१ चा प्रसूतीचा कायदा गेला, तर तो सामाजिक सुरक्षा संहितेत घातलाय, नोव्हेंबर २०२५ पासून. २६ आठवडे, ८० दिवस, १० माणसं, तेच आहे.

अर्जाच्या दोन प्रती करा. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. मॅनेजर शिक्का मारत नसेल तर तिथे वाद घालू नका, सरळ पोस्टात जाऊन अध्यक्षांच्या नावाने स्पीड पोस्ट करा आणि पावती नीट ठेवा.