तर्रीवाल्यांनी रामेन खावं का?

प्रश्न : ताई, मे महिन्यात आम्ही लेकाकडे टोकियोला जातोय. तो तिथल्या एबिसू भागातल्या ‘आफुरी’ या रामेनच्या (म्हणजे रश्शातल्या जपानी शेवयांच्या) दुकानात नेणार म्हणतो. तिथला रस्सा अगदी हलका असतो म्हणे. आमच्या ह्यांना तर्रीशिवाय घास उतरत नाही. काय करू?

उत्तर : खुशाल जा. पहिल्यांदा वाडगा समोर आला तेव्हा मलाही वाटलं, हे तर सार! तळाच्या शेवया दिसत होत्या. हाडं रटारटा उकळली की चरबी पाण्यात मिसळून रस्सा दुधाळ होतो. मंद आचेवर ठेवला तर नितळ राहतो. इथे कोंबडीचा नितळ रस्सा, चवीला मीठ आणि वर युझू. युझू म्हणजे लिंबाचाच जपानी भाऊबंद, पण वास निराळा, थोडा संत्र्याकडे झुकणारा. वाफेबरोबर तो आधी नाकात शिरतो.

दारातल्या यंत्रातून कुपन काढायचं. कोंबडीचं तेल कमी की जास्त, हे विचारतात. ह्यांच्यासाठी जास्तच सांगा! वर भाजलेल्या डुकराच्या मांसाचा काप असतो. चालत नसेल तर आधीच बोला. भुरके मारायला लाजू नका, तिथे सगळेच मारतात. आणि टिप ठेवू नका, वाढणारा पोरगा ती परत द्यायला मागे धावत येईल.