बाळंतपणातला रक्तस्राव मोजणारा ट्रे आणि बायरॅकचे ५० लाख

डॉक्टर, बाकीचं नंतर, आधी एक काम करा. प्रश्नासोबत तुम्ही ट्रेचे तीन फोटो आणि सर्किटची आकृती टाकली आहे, ती आत्ताच्या आत्ता काढून टाका. चार लोकांनी पाहिलेली गोष्ट पेटंटच्या कायद्यात 'नवी' राहत नाही. व्यक्तीच्या किंवा स्टार्टअपच्या नावाने ऑनलाइन तात्पुरता पेटंट अर्ज करायला सरकारी फी १,६०० रुपये आहे, आणि पूर्ण अर्ज करायला त्यानंतर १२ महिने मिळतात. तो अर्ज जाईपर्यंत कॉन्फरन्सचं पोस्टरसुद्धा नको.

आता प्रश्न. नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो: तुम्ही पालघर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी, भाऊ नाशिकला इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर. बाळंतपणानंतर जाणारं रक्त वजनावरून मोजणारा आणि ३०० व ५०० मिलीला वाजणारा ट्रे दोघांनी मिळून बनवला आहे. बायरॅकचे, म्हणजे जैवतंत्रज्ञानातल्या नव्या कल्पनांना पैसा देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचे, ५० लाख कसे मिळवायचे, कंपनी काढायची का आणि सरकारी नोकरीत हे चालतं का, असं तुम्ही विचारलंय.

माझं सरळ मत: ५० लाखांच्या मागे आत्ता लागू नका. पहिले पैसे ट्रेसाठी मागू नका, मोजमापासाठी मागा.

का, ते सांगतो. मी या क्षेत्रात १६ वर्षं आहे. दोन सरकारी अनुदानं मिळाली, चार वेळा नापास झालो, आणि अलीकडे एका इन्क्युबेटरच्या, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि सल्ला देणाऱ्या केंद्राच्या, छाननी समितीवर बसतो. तुमचं प्रपोजल समोर आलं की समितीतले स्त्रीरोगतज्ज्ञ पहिल्याच मिनिटाला विचारणार, "खुणा केलेली प्लास्टिकची ड्रेप असताना हे वाजणारं यंत्र कशाला?" (ड्रेप म्हणजे बाळंतिणीच्या खाली लावायची, रक्त गोळा करणारी पिशवीसारखी शीट; किती रक्त गेलं ते खुणांवरून कळतं.) आणि हा प्रश्न तुम्हाला अडवायला विचारलेला नसेल. खरोखरच उत्तर हवं असतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली ई-मोटिव्ह चाचणी त्यांनी वाचलेली असते: केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालयं, दोन लाखांहून जास्त बाळंतपणं. मोजमापाची ड्रेप आणि रक्तस्राव दिसताच एकत्र करायचे उपचार, एवढ्यावर गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी कमी झालं. त्या ड्रेपला ना बॅटरी, ना बझर.

ड्रेपची गोष्ट तर आपल्या शेजारची आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या मंडळींनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर आसपासच्या खेड्यांत मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव रोखणाऱ्या गोळीची चाचणी घेतली. १,६२० बायका, आणि गोळी देणाऱ्या एएनएम, म्हणजे गावपातळीवरच्या नर्स. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं आणि २००६ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पण गोळीचा परिणाम मोजायचा, तर रक्त नीट मोजायला हवं. नजरेचा अंदाज किती फसवा असतो हे त्याच मंडळींनी दाखवलं: डोळ्यांनी सांगितलेला आकडा ड्रेपच्या आकड्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाला. म्हणजे खुणांची ही ड्रेप औषधाच्या अभ्यासाच्या पैशातून, त्या अभ्यासाचं साधन म्हणून पुढे आली. तिच्यासाठी कोणी 'उपकरण विकासाचा फंड' शोधत बसलं नव्हतं.

तुमच्या ट्रेचं उत्तर तुमच्याच लेबर रूममध्ये आहे, आणि ते तुम्ही प्रश्नात ओझरतं लिहून गेलात: रात्रपाळीला एकच सिस्टर, दोन टेबलं, त्यात लाईट जाते, ड्रेपच्या खुणा बघायला कोणी नसतं. हे जर आकड्यांत दाखवता आलं, म्हणजे ड्रेप लावलेली असूनही ५०० मिली ओलांडल्याचं किती वेळा उशिरा कळलं आणि किती मिनिटं उशिरा, तर बझर कशाला हे वेगळं सांगावं लागणार नाही. आणि आकडे उलटे आले, ड्रेपच पुरेशी आहे असं निघालं, तर तुमची पाच वर्षं वाचली. (माझी तीन वाचली नाहीत. ती कहाणी फिर कभी.)

या अभ्यासाला पैसे आयसीएमआरकडे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे मागायचे. त्यांच्या बाह्य संशोधन अनुदानात 'स्मॉल ग्रँट' २ कोटींपर्यंत आणि 'इंटरमीडिएट' ८ कोटींपर्यंत आहे. स्मॉल या नावावर जाऊ नका. तुम्हाला यातले काही लाखच लागतील, आणि कमी मागितलं म्हणून कोणी हलकं समजत नाही. अडचण वेगळी आहे. ग्रामीण रुग्णालयाच्या नावाने अर्ज करणं अवघड, कारण मुख्य संशोधक मान्य संस्थेत कायम नोकरीवर असलेला लागतो, शिवाय रुग्णांवरच्या अभ्यासाला मंजुरी देणारी एथिक्स कमिटी लागते. तेव्हा जवळच्या मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग विभागातल्या कोणाला तरी मुख्य संशोधक करा आणि तुम्ही सहसंशोधक व्हा. नाव दुसरं लागलं म्हणून मन खट्टू करू नका, लेबर रूम तुमची आहे.

तुमच्या बाबतीत तर आणखी सोपी वाट आहे. डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात ग्रामीण आरोग्य संशोधनाचं एमआरएचआरयू नावाचं युनिट आहे, आणि त्याला मार्गदर्शन करते परळची एनआयआरआरसीएच, म्हणजे आयसीएमआरची प्रजनन आणि बालआरोग्याचीच संस्था. तुमचा विषय, तुमचाच जिल्हा! मी तुमच्या जागी असतो तर अर्धं पान लिहून उद्याच गाडी पकडून गेलो असतो. ईमेलवर विसंबू नका, प्रत्यक्ष जा.

ट्रेचं काम तोवर थांबवायचं नाही. त्यासाठी डीएसटीची, म्हणजे केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची, निधी-प्रयास योजना आहे: प्रोटोटाइपसाठी, म्हणजे पहिल्या चालत्या नमुन्यासाठी, १० लाखांपर्यंत, कंपनीत हिस्सा न मागता, इन्क्युबेटरमार्फत. भावाने अर्ज करावा. पुण्याला पाषाण रस्त्यावर एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात व्हेंचर सेंटर हे इन्क्युबेटर आहे, तिथे जाऊन बसावं. तुम्ही विचारलेले ५० लाख बायरॅकच्या ज्या बिग योजनेतले, तिचे तेच भागीदारही आहेत, त्यामुळे पुढची ओळख आपोआप होते. आयआयटी मुंबईचं बेटिक हेही एक ठिकाण. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने २०१४ मध्ये सुरू झालं, आणि डॉक्टर-इंजिनिअर जोडीने काम करणं हाच त्यांचा पाया आहे. त्यांच्या शिबिरांत भावाला इतर डॉक्टर भेटतील. हे महत्त्वाचं, कारण आत्ता त्याच्या यंत्राला 'छान आहे' म्हणणारी एकमेव डॉक्टर त्याची सख्खी बहीण आहे.

भावाने पहिल्या महिन्यात सोडवायचा प्रश्न म्हणजे गर्भजल. वजन रक्ताचं, गर्भजलाचं की लघवीचं, वजन मोजणाऱ्या लोड सेलला काय कळणार? रक्ताची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त, १.०६ च्या आसपास, हा फरक गणितात सहज बसतो. पण बाळ बाहेर आल्यावर ट्रे शून्यावर कोण आणणार आणि कधी? ते बटण सिस्टरने दाबायचं असेल तर गडबडीत ती ते दाबणार नाही. हे मी सांगतोय म्हणून नाही, एक रात्र भावाला लेबर रूमच्या बाहेर बाकावर बसवा.

मग बिग. ५० लाखांपर्यंत, १८ महिने, अनुदान, हिस्सा नाही. अर्ज वर्षातून दोनदा, साधारण जानेवारी आणि जुलैत निघतात. त्या वेळची जाहिरात नीट वाचा, पात्रतेच्या अटी बदलत असतात. हातात अभ्यासाचे आकडे, प्रयासमधून झालेला प्रोटोटाइप आणि पेटंट अर्ज असेल तर तुम्ही त्या रांगेत बरेच पुढे असाल. पुण्याच्या जीवट्रॉनिक्सचं उदाहरण वाचा. वीज नसली तरी हाताने दांडा फिरवून चार्ज होणारा डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, त्यांनी बनवला. तिथे 'हे कशाला' असं विचारायची कोणाला गरज पडत नाही. तुमची गरजही एका वाक्यात तशी सांगता यायला हवी.

कंपनी आणि नोकरी. तुम्हाला महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ लागू आहेत, पूर्वपरवानगीशिवाय खाजगी धंदा करता येत नाही. 'नवऱ्याच्या नावावर घेऊ' हा सल्ला तुम्हाला दहाजण देतील, तो घेऊ नका. कंपनी भावाची असू द्या, तुमचं नाव पेटंटवर संशोधक म्हणून राहू द्या आणि त्याबद्दल जिल्हा शल्यचिकित्सकांमार्फत लेखी कळवून ठेवा. एथिक्स कमिटीलाही 'उपकरण बनवणारा माझा भाऊ आहे' हे पहिल्याच अर्जात लिहा. लपवलेलं नातं नंतर निघालं की चांगला अभ्यासही बाद होतो.

कंपनीची घाई मात्र नको. स्टार्टअप इंडिया सीड फंडात कल्पना चालते हे सिद्ध करायच्या टप्प्याला २० लाखांपर्यंत अनुदान आहे, पण अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. उत्साहात आज कंपनी काढाल आणि तो काळ प्रोटोटाइपमध्येच संपेल.

पैशांच्या बाबतीत कोणी न सांगितलेली गोष्ट म्हणजे हप्त्यांमधली पोकळी. अनुदान मंजूर होणं आणि खात्यात येणं यात बरंच अंतर असतं, आणि पुढचा हप्ता मागच्याचं यूसी, म्हणजे जीएफआर (सरकारी वित्तीय नियम) १२-ए नमुन्यातला खर्चाचा दाखला, मान्य झाल्यावर येतो. माझा दुसरा हप्ता सात महिने लटकला, कारण सीएच्या सहीखाली यूडीआयएन हा त्या दाखल्याचा ओळख क्रमांकच नव्हता आणि मी न बघता कागद पाठवला. दोन मुलांचे पगार मोठ्या बहिणीकडून उसने घेऊन दिले, ते अजून घरच्या जेवणात निघतं. तेव्हा वेगळं बँक खातं, पहिल्या दिवसापासून बिलांची फाइल, आणि खात्यावर मिळालेलं व्याज आपलं नाही, ते सरकारला परत जातं हे लक्षात ठेवा. बजेटमध्ये जीएसटी धरा. चाचण्यांचा खर्चही धरा: विजेची सुरक्षितता आणि विद्युतचुंबकीय चाचणी अंधेरीच्या ईआरटीएल किंवा खारघरच्या समीर या सरकारी प्रयोगशाळेत होते, आणि पहिल्या फेरीत कोणाचंच उपकरण पास होत नाही, म्हणून दोन फेऱ्यांचे पैसे लिहा.

परवान्याचं आत्ता एवढंच. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत ए ते डी असे चार वर्ग आहेत. ए आणि बीचा उत्पादन परवाना राज्याच्या एफडीएकडे, सी आणि डीचा सीडीएससीओकडे, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडे. चाचणीपुरते नग बनवायलाही एमडी-१३ ही परवानगी लागते. तुमचा ट्रे कोणत्या वर्गात बसतो ते 'मेडटेक मित्र' या ऑनलाइन मंचावर विचारा. डिसेंबर २०२३ पासून आयसीएमआर आणि सीडीएससीओ मिळून ते चालवतात, आणि प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

बाकी कोणी सुचवलेल्या मोठ्या आकड्यांबद्दल: फार्मा-मेडटेकची ५,००० कोटींची प्रिप योजना आणि १ लाख कोटींचा आरडीआय (संशोधन, विकास व नवनिर्मिती) निधी, दोन्ही आत्ता तुमच्या कामाचे नाहीत, ते पुढच्या टप्प्यातल्या कंपन्यांसाठी आहेत. परदेशी पैसा म्हटला की एफसीआरए हा परदेशी देणग्यांचा कायदा आणि आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचा विषय येतो, पहिल्या अर्जाला तो व्याप नको. सीएसआरवाले, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक निधी वाटणारे, तयार यंत्र दान करायला उत्सुक असतात, संशोधनाला नाही. ट्रे तयार झाल्यावर त्यांच्याकडे जा. राज्याचा स्टार्टअप सप्ताह मात्र लक्षात ठेवा. तिथल्या विजेत्यांना अनुदानाऐवजी सरकारी खात्याचं काम मिळतं, सुरुवातीच्या वर्षांत १५ लाखांपर्यंतचं. सरकारी रुग्णालयात ट्रे शिरायला तो चांगला दरवाजा आहे.

इथले फोटो हटवलेत की मला दोन आकडे कळवा: तुमच्याकडे महिन्याला किती बाळंतपणं होतात, आणि त्यातली रात्री ८ ते सकाळी ८ मध्ये किती. त्यावरून अभ्यासाला किती महिने आणि किती माणसं लागतील ते काढता येईल, मग आयसीएमआरच्या बजेटचा तक्ता मी बघून देतो.