तुणतुण्याचे सॅम्पल निर्जीव का वाटते?

प्रश्न : मी लघुपटांसाठी ध्वनिसंयोजन करतो. एका गोंधळी कलावंतांकडून तुणतुण्याचे दहा आघात घरीच ४४.१ किलोहर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन) ध्वनिमुद्रित करून सॅम्पलरमध्ये, म्हणजे मुद्रित आवाज (सॅम्पल) कीबोर्डवरून वाजवता येणाऱ्या साधनात, घेतले. कीबोर्डवर ते यांत्रिक वाटतात आणि भयप्रसंगासाठी दोन सप्तके खाली आणल्यावर तर घोंगडीखाली दाबल्यासारखे ऐकू येतात. काय चुकले असावे?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : दबलेल्या आवाजाचे आधी सांगतो, कारण त्याचे मूळ निव्वळ गणितात आहे. मुद्रणात नमुन्यांच्या दराच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचाच आवाज टिकतो, म्हणून ४४.१ किलोहर्ट्झवर मुद्रण केले, की सुमारे २२ किलोहर्ट्झच्या वरचे काहीही नोंदले जात नाही. सॅम्पल दोन सप्तके उतरवणे म्हणजे ते चौपट संथ करणे. तेव्हा साडेपाच किलोहर्ट्झच्या वर काही उरतच नाही आणि तारेची झळाळी हरवते. ९६ किलोहर्ट्झवर मुद्रण केल्यास हीच मर्यादा १२ किलोहर्ट्झपर्यंत जाते. अर्थात माइकही २० किलोहर्ट्झच्या पलीकडचे टिपणारा हवा.

यांत्रिकपणाचे कारण वेगळे आहे. तोच आघात हुबेहूब पुन्हा वाजला, की कान तो लगेच ओळखतो. म्हणून हलक्या, मध्यम आणि जोरकस अशा प्रत्येक आघाताची निदान पाच-सहा मुद्रणे घेऊन ती आलटून पालटून वाजतील अशी योजना करावी. सॅम्पलरमध्ये हिला ‘राउंड रॉबिन’ म्हणतात. तुणतुण्याचे मात्र एवढ्यावर भागत नाही, असे माझे ठाम मत आहे. त्याची एकुलती एक तार तळाच्या कातड्यातून निघून वरच्या खुंटीला जाते. ती जोरात छेडली, की ताण क्षणभर वाढतो, सूर किंचित चढा लागतो आणि मग उतरून स्थिरावतो. हे वाद्याचे बोलणे आहे. सूर ‘दुरुस्त’ करणाऱ्या सॉफ्टवेअरने ते कृपया पुसू नका. नाद पूर्ण विरेपर्यंत मुद्रण थांबवू नका.

एक माइक कातड्याजवळ आणि दुसरा वरच्या उघड्या तोंडाशी ठेवावा. दोन्ही एकत्र केल्यावर आवाज पोकळ वाटला, तर एकाची फेज उलटी करून (म्हणजे त्याच्या ध्वनिलहरीचे चढ-उतार उलटवून) पाहावी. शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी वाद्ये पाहायला जाल, तेव्हा नाद कुठून बाहेर पडत असेल हे न्याहाळा. माइकची जागा त्यावरूनच सुचते.

कलावंतांना पुन्हा बोलवाल, तेव्हा मानधन आणि वापराची परवानगी आधीच लेखी ठरवा. सुटे आघात घेऊन झाले, की संबळाच्या साथीला ते नेहमी जो ठेका धरतात, तो पाच मिनिटे त्यांच्या मनाप्रमाणे वाजवू द्या आणि तोही मुद्रित करा.