सराव चुकला म्हणून सरांनी मुलाला बाहेर बसवलं, तर पालकांनी जाब विचारावा का?

तुमचा मुलगा चौदा वर्षांखालच्या खो-खो संघात आहे, मामाच्या लग्नापायी दोन दिवस सराव बुडाला, आणि सरांनी नियमावर बोट ठेवून तालुक्याच्या सामन्याला त्याला पहिल्या नऊतून काढून राखीव बसवलं. आता तुम्ही तीन-चार पालक मिळून मुख्याध्यापकांकडे जायचं म्हणताय.

नका जाऊ. माझे वडील गेले होते.

2001 ची गोष्ट. सांगली जिल्हा, मी नववीत. आमच्या सरांचा नियम असा की संध्याकाळी साडेपाचला मैदानात पाय हवा. आठवड्यात दोनदा उशीर झाला की पुढच्या सामन्याला बाहेर. माझा गणिताचा क्लास सहाला सुटायचा. नियम आडमुठाच होता, हे मी आजही म्हणते, कारण साडेपाच ते सहा नुसतं मैदानाला पाणी मारणं आणि फक्कीची आखणी चालायची. फक्त ते पाणी रोज बाकीच्या अकरा जणी मारायच्या, आणि मी आयत्या ओल्या मैदानावर खेळायला उतरायचे. हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

जिल्ह्याच्या सामन्याची यादी लागली, माझं नाव राखीवमध्ये. बाबा त्याच संध्याकाळी स्कूटर लावून थेट मैदानात आले, ते नुकत्याच आखलेल्या मधल्या पाटीवरून चालत. चपलांखाली फक्की पुसत गेली. "तुमच्या साडेपाचसाठी माझ्या पोरीने दहावीचं गणित सोडायचं का?" हे इतक्या मोठ्याने, की शेजारी व्हॉलीबॉल खेळणारी मुलं थांबली. मग संस्थेत कोण कोण ओळखीचं आहे ते सांगून झालं. सर वाद घालत बसले नाहीत. म्हणाले, "उद्या खेळेल ती." आणि कर्णधाराने फक्कीचं घमेलं उचलून पुसलेल्या रेघा परत आखल्या.

खो-खो पाहिलेल्यांना सांगायला नको, पाटीत आठ जणी बसलेल्या आणि एक धावणारी. पाठीवर हात पडून 'खो' ऐकू आल्याशिवाय बसलेलीला जागचं हलता येत नाही. मी मधल्या चौकोनात होते. एक पाय मागे, दोन्ही हात मातीवर, मान वळलेली. धावणारी माझ्या मागून गेली आणि खो पुढच्या चौकोनात पडला. परत आली, परत पुढे गेली. एकदा तर समोरची गडी माझ्यापासून दोन हातांवर हूल देत उभी होती, मला खो मिळता तर ती गेलीच होती. खो दिला माझ्या डावीकडचीला. त्या आख्ख्या आक्रमणात मला दोन खो मिळाले, तेही धावणारीचा श्वास पुरता संपला होता म्हणून. कोणी एक अक्षर बोललं नाही. सामना आम्ही जिंकलो, ते जास्त लागलं. येताना स्टँडवर कर्णधाराने सगळ्यांसाठी वडापाव घेतले. अकरा.

बाबा हा किस्सा आजही 'मी सरांना कसं सरळ केलं' म्हणून सांगतात. माझ्या लग्नात व्याह्यांना सांगून झाला. मी काही बोलले की, "मी नसतो गेलो तर तुला सर्टिफिकेट तरी मिळालं असतं का?" मिळालं असतं, बाबा. संघ बारा जणींचा होता. राखीव तिघींनाही तेच सर्टिफिकेट मिळालं, त्याच शाईत.

आता तर पालकांचं अर्धं भांडण त्या कागदासाठीच असतं. दहावीला खेळाचे वाढीव गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण. त्यात जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले, आणि प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोघेही कर्णधार महाराष्ट्राचे. तेव्हापासून आमच्याकडच्या मैदानाच्या कडेला मुलांपेक्षा पालक जास्त. पोरगं सूर मारायच्या आधी ह्यांचे मोबाइल वर.

विचारायचंच असेल तर मुलाला विचारू दे, एकट्याला, सराव संपल्यावर. माझ्या मुलीला गेल्या वर्षी बसवलं तेव्हा बाबांचा लगेच फोन, "येऊ का मी बोलायला?" नको म्हटलं. ती स्वतः मॅडमकडे गेली आणि कळलं काय, तर गैरहजेरीचा संबंधच नव्हता. "खांबावर सूर मारायला कचरतेस, म्हणून बसवलं." पालक गेले असते तर मॅडमनी नियमच वाचून दाखवला असता. दोन आठवडे तिचे गुडघे सोलवटलेले होते. अजून पहिल्या नऊत आलेली नाही.

नियम सगळ्यांना सारखा लागत नसेल, म्हणजे संचालकांच्या पुतण्याला लग्न चालतं आणि तुमच्या मुलाला नाही, तर बोला. पण आपल्या मुलाला घ्या म्हणून नाही, त्याला पण बसवा म्हणून. बघू किती पालक सोबत येतात.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं: वरचं सगळं फक्त वेळ, हजेरी, मोबाइल, केस कापणं असल्या नियमांबद्दल आहे. सर हात उचलत असतील, तर 'आचरेकर सरांनी सचिनलाही थोबाडीत दिली होती, डबा उडाला होता' हे ऐकून गप्प बसू नका. तो किस्सा सचिन सांगतो म्हणून गोड वाटतो. शाळेत मारायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. आणि अंगाला नको तसा हात लागत असेल तर मुख्याध्यापकही नको, थेट पोलीस ठाणं; पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, 2012 पासून आहे. तिथे मुलाने एकट्याने जाऊन विचारायचा प्रश्नच येत नाही.

बाकी, लग्नाला जातोय हे तुमच्या मुलाने सरांना आधी सांगितलं होतं का, ते तुम्ही प्रश्नात कुठेच लिहिलेलं नाही.