हात बघणं सोडा, पहाटेचा गजर लावा

प्रश्न असा आहे: "जागृत स्वप्नं, म्हणजे स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' हे कळणं, पाहायला शिकायचंय. दीड महिना झाला, दिवसातून वीसदा तळहात बघून 'हे स्वप्न आहे का?' असं स्वतःला विचारतोय. एकदाही जमलं नाही. एखादं ॲप किंवा गोळी आहे का? आणि स्वप्नात उडायचं कसं?"

उडण्याचं मागाहून. आधी त्या तळहाताचा निकाल लावू.

"दिवसभर हात बघा, सवय आपोआप स्वप्नात उतरते" हा सल्ला जो तो नवख्याच्या गळ्यात मारतो आणि मला त्याची मनापासून चीड आहे. सवय उतरते, नाही असं नाही. पण जशी असेल तशीच उतरते. दिवसा तुम्ही हात बघता, "जागाच आहे की" म्हणता आणि कामाला लागता. स्वप्नात सात बोटं दिसली तरी तेच म्हणता आणि चालू पडता. दीड महिना तुम्ही शंका घेण्याचा नव्हे, शंका झटकून टाकण्याचा सराव केलात.

खात्री करायचीच तर नाकाने करा. तोंड मिटायचं, नाकपुड्या चिमटीत धरायच्या आणि श्वास आत ओढून बघायचा. स्वप्नात बहुतेक वेळा तो आरामात आत जातो, कारण अंथरुणावरचं खरं नाक मोकळंच असतं. त्याआधी मागची दहा मिनिटं आठवायची: मी इथे आलो कसा? स्वप्नात या प्रश्नाला धड उत्तर सापडत नाही. दिवसातून सात-आठ वेळा पुरे, तेही काहीतरी खटकलं की. दिव्याचं बटण दाबून बघण्याच्या भानगडीत पडू नका. त्याचा भरवसा नाही.

आता खरी गोष्ट. हे सगळं स्मरणशक्तीचं काम आहे आणि त्याची वेळ पहाटेची. झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं. पहिल्या आवर्तनात रेम झोप, म्हणजे ठळक स्वप्नांची झोप, जेमतेम दहा मिनिटं असते. पहाटेकडे ती वाढत अर्ध्या तासावर जाते. म्हणून रात्री अकराला पाठ टेकतानाच केलेला संकल्प बहुधा वाया जातो: पुढचे तीन तास गाढ झोपेचे, तोवर तो पुसला गेलेला असतो.

डोळा लागल्यापासून पाच तासांनी, हळू आवाजाचा गजर लावा. जाग आली की हलू नका, कूससुद्धा बदलू नका. आत्ता काय दिसत होतं ते शेवटाकडून मागे आठवत जा. मग मंद उजेडात वहीत चार-पाच शब्द खरडा. फोनवर लिहू नका, एकदा पडदा उजळला की झोप उडालीच. दहा-पंधरा मिनिटं बसा आणि पुन्हा आडवे व्हा.

यापुढची रीत स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांनी १९८० मध्ये मांडली, तिला माइल्ड म्हणतात. नुकतंच पडलेलं स्वप्न डोळ्यांपुढे आणायचं. त्यातली एक विसंगती हेरायची: बंद पडलेली शाळा, वारलेला माणूस, घरात नसलेली खोली. मग तेच स्वप्न पुन्हा चालवायचं आणि त्या जागी आलं की थबकून "अरे, हे स्वप्न आहे" असं ओळखलेलं बघायचं. सोबत मनात एक वाक्य: "पुढच्या स्वप्नात, हे स्वप्न आहे हे माझ्या लक्षात येईल." डोळा लागेपर्यंत हेच.

बिघडतं ते इथे. लोक या वाक्याचा जप करतात. ओठ चालू, मन तिसरीकडे. आणि निव्वळ शब्द स्वप्नात पोचत नाहीत. परतीच्या गाडीत दूध घ्यायचं लक्षात ठेवताना आपण "दूध, दूध" घोकत नाही, दुकानाचं वळण डोळ्यांपुढे आणतो. तसंच इथे. मन भरकटलं की दृश्यापासून पुन्हा सुरू करायचं.

दुसरी चूक जागण्याच्या हिशेबाची. दोनच मिनिटं जागलात तर पहिल्या वाक्यालाच घोराल. पाऊण तास जागलात तर तळमळत पडाल. ऑस्ट्रेलियात डेनहोम ॲस्पी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ही कृती संपवून पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली त्यांना जवळपास निम्म्या वेळा यश आलं. सगळ्यांचं मिळून प्रमाण सतरा टक्क्यांच्या आसपास होतं. तेव्हा घड्याळ नव्हे, स्वतःची झोप बघा. अर्धा तास तळमळलात तर पुढच्या खेपेला पाचच मिनिटं बसा.

वहीत रोज निदान एक स्वप्न उतरेपर्यंत गजराची घाई करू नका, दोन आठवडे नुसती वहीच चालवा. आठवतच नसेल तर स्वप्नात जागे झालात तरी सकाळी कळायचं नाही. शिवाय विसंगती सापडतात त्या वहीतच.

जमलं की पहिल्या दहा सेकंदांत आनंदाच्या भरात जाग येते. ते टाळायला तळवे एकमेकांवर घासा, भिंत चाचपा, जमीन न्याहाळा. डोळे मिटू नका आणि एकाच जागी टक लावू नका. रेम झोपेत शरीर लुळं पडलेलं असलं तरी डोळे हलतात. १९७५ मध्ये इंग्लंडच्या हल विद्यापीठात संशोधक कीथ हर्न यांना, प्रयोगात झोपलेल्या ॲलन वर्स्ली यांनी जागृत स्वप्नातूनच, आधी ठरलेली डावी-उजवी खूण केली ती डोळ्यांनीच. आणि "जाग आली" असं वाटलं की लगेच नाक चिमटीत धरा. बऱ्याचदा तीही स्वप्नातलीच जाग असते.

ॲपची गरज नाही. गोळीबद्दल: गॅलंटामाइनचा प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. आठ मिलिग्रॅमने बेचाळीस टक्के आणि नुसत्या नकली गोळीने चौदा टक्के लोकांना यश आलं. पण ते सगळे पहाटे उठून हीच कृती करत होते, हे गोळीचं कौतुक करणारे सांगत नाहीत. ते अल्झायमरचं औषध आहे, मळमळ होते, नाडी मंदावते. नवख्याने लांब राहावं.

हो, आणि हे आधीच सांगायला हवं होतं: गजर आठवड्यातून दोनदाच, तोही दुसऱ्या दिवशी लांबवर गाडी चालवायची नसेल तेव्हाच. निद्रानाश असेल, भास होत असतील, बायपोलरचा त्रास असेल तर या वाटेला जाऊ नका. दारूने रेम झोप कमी होते, नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्यांनीही होते. पण गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. कधी जाग येऊन अंग हलणार नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटेल. घाबरू नका, बोटं हलवत राहा, थोड्या वेळात सुटतं.

उडण्याचं म्हणाल, तर जागच्या जागी उडी मारा आणि खाली यायला जरा उशीर लागेल असं धरून चाला. पुढची उडी आणखी लांबते. "पडेन की काय" वाटलं की पडता, तेव्हा पहिले काही दिवस गच्चीवरून नको, जमिनीवरूनच.