प्रार्थना केल्याने रोजचा राग खरंच जातो का?

तुम्ही विचारलंय की बारीकसारीक गोष्टींवरून दिवसभर डोकं तापतं, आणि एक ख्रिस्ती मैत्रीण म्हणाली प्रार्थना कर, राग जाईल, तर खरंच जातो का. मी जन्माने ख्रिस्ती, माहेर नगरचं, आता पुण्यात. राग येणं काही गेलेलं नाही हो माझं. फक्त आता तो लोणच्यासारखा मुरवत ठेवत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू सकाळी साडेआठला कुंड्यांना पाणी घालतात आणि ते मातीचं पाणी थेट माझ्या वाळत घातलेल्या चादरीवर, चहासारखे ओघळ. वर्षभर मी त्यांना एक शब्द बोलले नाही पण सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला मेसेज टाईप करायचे, खोडायचे, परत टाईप करायचे, आणि तो राग मग निघायचा कुठे तर पोराने डबा उरवून आणला त्यावर.

आता विश्वासाचं. प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली, मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ आहे, आणि पाठ असलं की काय होतं, तोंड चालू आणि लक्ष गॅसवरच्या दुधाकडे. त्यात आमच्या मराठीत ऋण शब्द आहे, म्हणजे आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलं तसं तू आमचं ऋण सोड. मी पतसंस्थेत वसुली बघते, थकबाकी काय चीज असते ते मला कोणी शिकवायला नको. एका रात्री त्या शब्दावर अडकलेच. म्हटलं, मी काकूंच्या नावावर वर्षभर व्याज लावतेय आणि त्यांना साधी नोटीससुद्धा नाही!

बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानात, १८व्या अध्यायात, येशूने एका चाकराची गोष्ट सांगितलीय. त्याला राजाचं १०,००० तालांतांचं कर्ज माफ होतं आणि बाहेर येऊन तो सोबत्याचा १०० दिनारांसाठी गळा धरतो. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, तेव्हा १०० दिनार म्हणजे तीन महिन्यांची कमाई, चिल्लर नाही ती. मला हेच पटतं की तुझं नुकसान झालंच नाही असं येशू म्हणत नाही. पण एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार, करा गुणाकार, देवाने आपल्याला सोडलेलं त्यापुढे केवढं मोठं.

आणि राग येणं हेच पाप असं कोणी सांगितलं तर मार्क ३:५ दाखवा, तिथे येशूच रागाने बघतो. आमचे नारायण वामन टिळक, एवढे मोठे कवी आणि ख्रिस्ती, तेही तापटच, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त काही लपवलेलं नाही. येशूचा प्रेषित पौल इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात एवढंच लिहितो की रागात असताना सूर्य मावळू देऊ नका. आमच्याकडे सूर्य मावळतो तेव्हा मी अजून बसमध्ये असते, म्हणून मी दिवा बंद करायच्या आधीची वेळ धरलीय. ज्याचा राग आला त्याचं नाव घेऊन सांगायचं, प्रभू, हे मी सोडलं. कधीकधी दात खाऊनच म्हणते, तरी म्हणते.

(घरात मारहाण किंवा छळ असेल तर हे लागू नाही, तिथे क्षमा कर म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, आधी मदत घ्या.)

पण नुसतं मनात सोडून भागत नाही. पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, होतं, दानाचं पाकीट पर्समध्ये, आणि येशूचं ते वचन आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी जाऊन समेट कर. खरं तर इथे उलटं होतं, मनात माझ्याच होतं, तरी चर्चला निघायच्या आधी वर गेले. काकूंना काही पत्ताच नव्हता! बिचाऱ्या ओशाळल्या, हातात गरम थालीपीठ ठेवलं. आता पाणी घालायच्या आधी वरून ओरडतात, "कपडे आहेत का गं?"

गेल्या मंगळवारी परत विसरल्या. चादर परत धुतली, ग्रुपवर काही टाईप केलं नाही, पण बाल्कनीचं दार जरा जोरात आपटलं, ते कबूल करते.